बागेचे प्रश्न: पुस्तक सांगतं एक, मोबाईल सांगतो दुसरं

प्रश्न: आमच्या गच्चीवर मोगरा आणि लिंबाच्या कुंड्या आहेत. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. घरातल्या पुस्तकात ही लोहाची कमतरता म्हटली आहे. मोबाईलवरचे व्हिडिओ अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट घालायला सांगतात. ऐकायचं कोणाचं? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: या खेपेला पुस्तकाचं, पण ते छापील आहे म्हणून नव्हे. कोवळी पानं आधी पिवळी पडणं हे लोहाचं लक्षण आहे. उसावर, भुईमुगावर याच प्रकाराला शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी शिरा हिरव्याच राहतात, मात्र सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तेव्हा ते तिथं लागू पडतं. व्हिडिओवाला खोटं बोलत नसेलही, त्याच्या झाडाचं दुखणं वेगळं असेल.

टरफलांचा मात्र नाद सोडा. टरफल म्हणजे चुनाच, आणि सोलापुरी मातीत त्याचा सुकाळ आहे. खात्री करायची तर कुंडीतली चमचाभर माती बशीत घेऊन आधी पाण्यानं ओली करा, नाहीतर कोरड्या मातीतली हवाही बुडबुडे काढते. मग वर चार थेंब व्हिनेगर टाका. फसफसली, तर मातीत मुक्त चुना आहे. अशा मातीत लोह असतं, पण सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, म्हणजे पीएच) आठच्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं आणि मुळांना उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी आणि सतत ओली राहणारी कुंडी असेल, तर केवडा आणखी वाढतो.

उपाय पानांवाटे करा. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. हिराकस फिकट हिरव्या खड्यांचं घ्या. पिवळट-तपकिरी भुकटी झाली असेल तर दुकानदाराला परत करा. पाणी शक्यतो फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. बोअरच्या पाण्यात आम्ल न घालता हिराकस टाकलं की द्रावण तपकिरी होतं, तळाशी गाळ बसतो आणि फवारणी फुकट जाते. ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. द्रावण उरवून ठेवू नका. गच्चीच्या फरशीवर आणि कपड्यांवर त्याचे तांबूस डाग पडतात, ते निघत नाहीत. गुण आला की नाही हे नव्या फुटीवर बघा, जुनी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही.

मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेल्या, लोहाच्या पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलंय का ते पाहा. स्वस्तातलं 'ईडीटीए' चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचएचं पाणी लालभडक होतं, त्याला बिचकू नका.

प्रश्न: कोकणातल्या एका व्हिडिओत पावसाआधी प्रत्येक कुंडीत मूठभर चुना घालायला सांगितला होता. घालू का? (वाचक, होटगी रस्ता)

उत्तर: नको. कोकणातली जांभा माती आम्लधर्मी असते, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात तिच्यातला चुना धुऊन जातो. तिथं तो सल्ला बरोबर आहे. आपला पाऊस त्याच्या जेमतेम पाव हिस्सा, आणि चुनखडी जागच्या जागी राहते. कुठलाही व्हिडिओ पाहताना माणूस कुठल्या गावचा, माती कोणती आणि महिना कोणता, या तीन गोष्टी सापडल्या नाहीत तर पुढं जा. महिन्याभरानंतरचं तेच झाड दाखवणारा बघा. बटाट्यात खोचलेली गुलाबाची काडी आठवडाभर हिरवी राहते, मुळं फुटली का ते कुणी दाखवत नाही!

प्रश्न: आजोबांचं बागकामाचं जुनं पुस्तक आहे. अजून चालेल? (वाचक, शेळगी)

उत्तर: छाटणी, कलमं, दाब कलम, कुंडी भरणं यासाठी खुशाल वापरा. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. कीड-रोगांचं प्रकरण मात्र मिटून ठेवा. त्यात बीएचसी पावडर सापडेल, तिच्यावर 1997 पासून बंदी आहे. एंडोसल्फान असेल, ते 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. औषधांबाबत आजचं लेबलच वाचा. पौंड, औंस, गॅलन भेटले तर जपून: इंग्लंडचा गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकेचा पावणेचारचा. परदेशी पुस्तकातलं 'भरपूर ऊन' हेही आपल्या मे महिन्यातल्या दुपारचं ऊन नव्हे. त्या दिवसांत कुंड्यांवर हिरवी जाळी लागतेच.

प्रश्न: ड्रममध्ये डाळिंब आहे. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बहारासाठी महिनाभर पाणी तोडू का? (वाचक, बाळे)

उत्तर: झाड वाळेल. मृग, हस्त, आंबे या बहारांसाठी, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामांसाठी, पाणी तोडून दिलेला तो ताण शेतातल्या झाडांचा आहे, तिथं मुळांना खाली खोल ओल मिळते. ड्रममधली माती उन्हात दोन-तीन दिवसांतच कोरडी होते. तुम्ही ताण देऊच नका. हलकी छाटणी करा, दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी नेमानं द्या. ते कधी कमी, कधी एकदम जास्त झालं की फळं तडकतात. पानांवर, फळांवर तेलकट डाग दिसले तर व्हिडिओत उत्तर शोधत बसू नका. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावात आहे. डाग पडलेली फांदी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊन जा, उघडी नेऊ नका. हा जिवाणूंचा रोग आहे, वाटेतल्या बागांना लागेल.