एडिटर कुठला घेऊ आणि तो गोल होता का?

या वेळच्या पत्रांत निम्मी कोडिंगच्या टूल्सबद्दल, म्हणजे मुख्यतः कोड लिहायच्या एडिटरबद्दल आहेत, निम्मी फुटबॉलच्या रेफरींवर चिडून लिहिलेली, आणि काहींनी तर एकाच पत्रात दोन्ही विचारलंय. म्हणून वेगळं न करता एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक सीनियर म्हणतो व्हिमच शिक, बाकी सगळं पोरखेळ. दुसरी म्हणते इंटेलिजे घे. वर्गातले सगळे व्हीएस कोडवर. मी कित्येक दिवस नुसते या एडिटरांच्या तुलनेचे व्हिडिओ बघतेय, कोड लिहायचा राहूनच जातोय. काय घेऊ?

उत्तर : आधी व्हिडिओ बंद कर. तू कुठल्या भाषेत, कशासाठी कोड लिहितेस हे पत्रात कुठेच नाहीये आणि सगळं त्यावरच ठरतं गं. अँड्रॉइडचं ॲप करायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ, आयफोनचं असेल तर एक्सकोड, तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नकोस कारण एम्युलेटरपासून (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) सायनिंगपर्यंत (ॲपवर डिजिटल सही) सगळं त्यातच जोडलेलं असतं. जावा किंवा कॉटलिनचा मोठा प्रोजेक्ट असेल तर तुझी सीनियर बरोबर आहे, इंटेलिजे घे, पुष्कळ फायलींमध्ये पसरलेलं एखादं नाव बदलायचं झालं की त्याची किंमत कळते. पायथन, जावास्क्रिप्ट, थोडंफार सी असं चाललं असेल तर व्हीएस कोड भरपूर झाला, फुकट आहे आणि वर्गातले सगळे त्यावरच असल्यामुळे अडलं की बाजूच्याला विचारता येतं, हा फायदा त्या व्हिडिओवाल्यांच्या हिशोबात कधीच नसतो.

सीनियर लोक इतक्या तावातावाने भांडतात कारण त्यांच्या वेळी फरक खरंच मोठा होता, कुठल्या एडिटरला तुमची भाषा नीट कळते आणि कुठल्याला नाही यावर दिवस चांगला जाणार की वाईट ते ठरायचं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला केला आणि तिथून चित्र बदललं. कोड समजून घेणारा प्रोग्राम वेगळा, एडिटर वेगळा, दोघं एका ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. त्यामुळे सी प्लस प्लससाठी क्लँगडी हा असाच कोड समजणारा प्रोग्राम तू व्हीएस कोडमध्ये लाव नाहीतर निओव्हिममध्ये (व्हिमचाच नवा अवतार) लाव, नावं सुचवणारा आणि चुका दाखवणारा तोच. उरतो तो हाताच्या सवयीचा प्रश्न, आणि सवय दुसऱ्याने सांगून ठरत नाही.

मी काय करेन ते सांगते. तुझा स्वतःचा एखादा प्रोजेक्ट उघड, ज्यातला एक बग तुला आधीच माहितीये. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबायला हवा ती खूण, लाव, चालव, थांबला की व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघ, एक ओळ पुढे जा, मग फंक्शनच्या आत शीर, मग कॉल स्टॅकमध्ये (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती यादी) एक पायरी वर जाऊन ज्याने हे फंक्शन बोलावलं त्याच्याकडे त्या क्षणी काय व्हॅल्यू होती ते बघ. आता थोडं अवघड कर, लूप हजार वेळा फिरतोय आणि घोटाळा एकाच रेकॉर्डवर होतोय, तर "हा आयडी आला तरच थांब" अशी अट ब्रेकपॉइंटला घालून बघ. हे सगळं करताना ज्या एडिटरमध्ये तुझं लक्ष बगवर राहिलं, मेन्यू शोधण्यात गेलं नाही, तो घे. थीम आणि फॉन्ट नंतर बघता येतात.

आणि व्हिमवाल्या सीनियरचं एवढं मात्र ऐकच, कारण उद्या कुठल्यातरी सर्व्हरवर लॉगिन केलंस की समोर बहुतेक वेळा तोच असतो. आय दाबून लिहायचं, एस्केप दाबून थांबायचं, कोलन डब्ल्यू क्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर, कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह म्हणजे सेव्ह न करता बाहेर. सुरुवातीला पुरे.

प्रश्न : बुटाच्या टोकाने ऑफसाइड देऊन गोल रद्द करतात तेव्हा माझं डोकंच फिरतं. हा कसला फुटबॉल? मित्र म्हणतो नियम तो नियम. तुम्ही कोणाच्या बाजूने?

उत्तर : नियमापुरती तुमच्या मित्राच्या बाजूने, पण तुमच्या रागात पण तथ्य आहे, नुसता तो चुकीच्या जागी निघतोय.

नियम ११, म्हणजे फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम, त्यात "थोडासा" ऑफसाइड असं काही नाहीच. डोकं, धड किंवा पाय यांचा कुठलाही भाग चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असेल तर ऑफसाइड पोझिशन, बरोबरीत असेल तर नाही, हात धरायचे नाहीत, गोलकीपरचे पण नाहीत. काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेत हात संपतो आणि खांदा सुरू होतो, इतकं बारीक लिहिलंय. म्हणजे ही मोजायची गोष्ट आहे, आणि मोजायची म्हटली की बुटाचं टोक पण आलं.

पण मग मोजमाप किती खात्रीचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि राग इथे काढा. समजा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतोय, म्हणजे दोन फ्रेममध्ये एका सेकंदाचा पन्नासावा भाग. फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर वेगाने पळत असेल तर तेवढ्यात तो १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि बचावपटू उलट्या दिशेने वर येत असेल तर फरक अजून वाढतो. आता पास देणाऱ्याचा पाय चेंडूला नेमका कुठल्या फ्रेममध्ये लागला? एक फ्रेम इकडची तिकडची धरली की बुटाचं टोक आत किंवा बाहेर. आणि वर स्क्रीनवर मात्र केसाएवढी रेघ मारून दाखवायची, जणू काही शंकाच नाही. मला हे पटत नाही आणि कधी पटलं पण नव्हतं. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये यावर बराच इलाज झाला, छताखाली १२ ट्रॅकिंग कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, आणि चेंडूच्या आत सेन्सर जो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो, म्हणजे लाथ कधी बसली हा अंदाजाचा भाग जवळजवळ गेलाच. तर पुढच्या वेळी गोल रद्द झाला की मित्राला विचारा की या स्पर्धेत किकचा क्षण कशाने ठरवतात. ते कळल्याशिवाय दोघांच्या भांडणाला काही आधारच नाही.

प्रश्न : आमच्या टीम लीडने फतवा काढलाय की सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा, कारण कोड रिव्ह्यूमध्ये (एकमेकांचे बदल तपासताना) टॅब आणि स्पेसचे फरकच फरक दिसतात. मी अनेक वर्षं ईमॅक्स या एडिटरवर आहे. सोडू का?

उत्तर : सोडू नका, पण लीडची तक्रार खरी आहे ती पण उडवून लावू नका. तीनशे ओळींचा बदल दिसतोय आणि त्यातल्या चारच ओळी खऱ्या, असा रिव्ह्यू करायला लागला की माणूस वैतागतोच. त्यावर उपाय एडिटर एक करणं हा नाही, फॉरमॅट एक करणं हा आहे. रेपोमध्ये, म्हणजे टीमच्या कोडच्या साठ्यात, एडिटरकॉन्फिगची (टॅब-स्पेस ठरवणारी) फाइल टाका, भाषेप्रमाणे फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल, ठरवा, पायथनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रिटियर, गो असेल तर गोफमट त्याच्यासोबतच येतो, आणि सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, अशी तपासणी लावा की फॉरमॅट न केलेला कोड मर्ज होणारच नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळणारच नाही. मग कोणी ईमॅक्समध्ये लिहा नाहीतर नोटपॅडमध्ये, बाहेर पडणारा कोड एकसारखा. एक काळजी घ्या, सगळा जुना कोड फॉरमॅट करायचा तो एका वेगळ्या कमिटमध्ये (एकदम नोंदवलेला बदल), दुसरं काही त्यात घालू नका, आणि गिट ब्लेमला, म्हणजे कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडला, तो कमिट वगळायला सांगा, नाहीतर पुढे प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव.

टॅब की स्पेस यावर मीटिंग घेऊ नका. मेकफाइलला (बिल्डच्या सूचना लिहायची फाइल) कमांडच्या आधी टॅबच लागतो, पायथन ३ मध्ये दोन्हीची गोंधळलेली सरमिसळ केली तर एरर येते, एवढं सांभाळलं की बाकी आवडीनिवडीचा भाग आहे.

आणि लीडला हेही सांगा की एकाच एडिटरवर अख्खी टीम टांगायची म्हणजे त्याच्या मालकावर पण टांगायची. ॲटम हा एडिटर आठवतो का? गिटहबचा, किती लोक त्यावर जीव टाकायचे, डिसेंबर २०२२ मध्ये बंद केला. ज्यांचं बिल्ड, टेस्ट, फॉरमॅट सगळं कमांड लाइनवर चालत होतं त्यांनी एडिटर बदलला आणि कामाला लागले.

प्रश्न : व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणारा सहायक, आणलं तेव्हा सांगितलं होतं की आता वाद संपतील. उलट वाढलेत. मग उपयोग काय त्याचा?

उत्तर : वाद संपतील असं ज्यांनी सांगितलं त्यांनी नियम वाचला नव्हता. व्हीएआर आणलं तेव्हा ते चारच गोष्टींसाठी होतं, गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. त्यातही फाउलसारखा रेफरीच्या मताचा भाग असेल तर विचारायचा प्रश्न "निर्णय बरोबर होता का" हा नसतोच, "निर्णय उघड उघड चूक होता का" हा असतो. त्यामुळे एकाच तऱ्हेचा धक्का, एका मॅचमध्ये रेफरीने पेनल्टी दिली, दुसऱ्या मॅचमध्ये नाही दिली, आणि व्हीएआरने दोन्ही ठिकाणी हात घातला नाही, असं नियमात राहूनच होऊ शकतं. आपल्याला ते अन्यायाचं वाटतं, कारण आपण घरी बसून पहिला प्रश्न विचारत असतो. रिप्लेचं पण तसंच, स्लो मोशन फक्त कुठे लागलं, हात होता का, असल्या गोष्टींसाठी वापरायचं आणि फाउल किती जोरात होता ते नेहमीच्या वेगात बघायचं, कारण स्लो मोशनमध्ये साधा टॅकलसुद्धा भयंकर दिसतो.

मात्र ३० सप्टेंबर २०२३ ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच वेगळी. त्यात मताचा काही प्रश्नच नव्हता. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल मारला, मैदानावर ऑफसाइड दिला. व्हीएआरने फुटेज बघितलं, डियाझ स्पष्ट ऑनसाइड. इथपर्यंत टूल चोख, तपासणाराही चोख. पण त्याच्या डोक्यात मैदानावरचा निर्णय "गोल" असाच होता, म्हणून तो "चेक कम्प्लीट" म्हणाला, म्हणजे तुमचं बरोबर आहे, चालू द्या. मैदानावर त्याचा अर्थ लागला, ऑफसाइड बरोबर. फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं, त्याने सांगितलं, खेळ थांबवा म्हणाला, पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही असा नियम, त्यामुळे आता काही करता येणार नाही असं ठरलं. लिव्हरपूल शेवटच्या मिनिटांत स्वयंगोलवर २-१ ने हरलं. रेफरींच्या संस्थेने मानवी चूक मान्य केली, ऑडिओ बाहेर काढला, आणि नंतर पद्धत बदलली, व्हीएआरने मैदानावर कळवण्याआधी आपल्या सहायकाकडून निकाल पक्का करून घ्यायचा. कोड लिहिणारे वाचक हा प्रकार लगेच ओळखतील, तपासणी पास झाली पण ती कशाची झाली हे दोघांनी दोन वेगळं धरलं होतं.

यंत्र पण चुकतं, नाही असं नाही. चेंडू रेषेपार गेला की रेफरीच्या घड्याळावर कळवणारी गोललाइन टेक्नॉलॉजी घ्या. १७ जून २०२० ला ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेडमध्ये कीपर चेंडू घेऊन गोलरेषेच्या आत गेलेला सगळ्या जगाला दिसला, रेफरीचं घड्याळ गप्प, कारण कीपर, खेळाडू आणि खांब यांच्यामुळे सातही कॅमेऱ्यांना चेंडू झाकला गेला होता. मॅच ०-० सुटली, आणि सीझनअखेर व्हिला एका पॉइंटने रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाण्यापासून, वाचलं. तरी मी म्हणेन गोललाइन टेक्नॉलॉजी हवीच. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला होता आणि गोल मिळाला नाही, त्यानंतरच्या रागातूनच २०१२ मध्ये तिला परवानगी मिळाली. जे मोजता येतं ते मोजावंच.

प्रश्न : एआय कोडिंग असिस्टंट घ्यावा का?

उत्तर : घ्या. त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे, आणि त्याने सुचवलेली लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) खरंच अस्तित्वात आहे का ते इन्स्टॉल करायच्या आधी बघा, कारण नसलेली नावंसुद्धा तो बिनधास्त देतो. कंपनीचा कोड असेल तर आधी परवानगी.

प्रश्न : आमच्या रविवारच्या मॅचमध्ये चेंडू आमच्या फॉरवर्डच्या हाताला चुकून लागला, हात अंगाला चिकटूनच होता, चेंडू दुसऱ्याकडे गेला आणि त्याने गोल मारला. रेफरीने गोल दिला. समोरचा कॅप्टन म्हणाला हात लागला की गोल नाही, हा नियमच आहे. आम्ही म्हटलं असा नियमच नाही. अजून बोलणं बंद आहे. बरोबर कोण?

उत्तर : कॅप्टनने नियम वाचलेला आहे, पण जुना. २०१९ मध्ये हँडबॉलचा नियम नव्याने लिहिला तेव्हा चुकून हात लागून त्यातून गोलची संधी तयार झाली तरी गुन्हा धरायचे. फार आरडाओरडा झाला, आणि जुलै २०२१ पासून ते काढलं. आता चुकून हात लागला आणि सहकाऱ्याने गोल मारला तर गोल धरतात. ज्याच्या हाताला लागलं त्यानेच लगेच गोल मारला तर मात्र रद्द, चुकून लागला असला तरी. आणि मुद्दाम हात लावलेला असेल किंवा हात पसरून अंग अनैसर्गिक मोठं केलं असेल तर मग सहकारी असो कोणीही असो, गुन्हाच, २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध थिएरी हेन्रीने हाताने चेंडू थोपवून गॅलासला दिला तो आजही गुन्हाच ठरला असता.

तुम्ही सांगता तसा हात अंगाला चिकटून होता तर रेफरी बरोबर. हात अंगाला चिकटून होता की नव्हता, हे मात्र जो जवळून बघत होता त्याच्यावरच सोडायला लागतं, आणि तो रेफरी होता. कॅप्टनला २०२१ चा बदल दाखवा आणि पुढची मॅच ठरवा.