ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा पंप बदलायच्या आधी एवढं बघा: तेल नेमकं कोणत्या कामाला तापतंय?

दादा, तुम्ही लिहिलंय की ट्रॉलीला तेल गरम होत नाही, रोटाव्हेटरला थोडं होतं, पण लिफ्टवर टांगलेला फवारणीचा ब्लोअर लावला की तासाभरात गिअर बॉक्सच्या हौसिंगला हात लावता येत नाही. मग लिफ्ट थरथरत वर जाते. तेल आणि फिल्टर नवीन टाकून झालंय आणि आता मेकॅनिक पंप बदला म्हणतोय. माझ्या ट्रॅक्टरचं दुखणं अगदी हेच होतं आणि त्यात माझा पंप विनाकारण बदलला गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तेलाची पातळी, कंपनीने सांगितलेला ग्रेड, सक्शनची गाळणी हे तुम्ही बघितलंय असं धरून चालतो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची माहिती ब्लोअर आणि रोटाव्हेटरमधला फरक ही आहे. गिअर बॉक्स, लिफ्ट, ब्रेक सगळ्यांना तेच तेल असतं, म्हणून तापवणारं नेमकं कोण ते शोधायचं. पीटीओचा (औजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) क्लच घसरत असता तर जास्त लोड घेणाऱ्या रोटाव्हेटरला तेल आधी तापलं असतं. तेलात चालणारे ऑइल ब्रेक चिकटत असते तर भरलेली ट्रॉली ओढताना तापलं असतं. ब्लोअरचं वेगळेपण एकच, तो दिवसभर लिफ्टवर उचललेला असतो आणि इंजिन चढ्या आरपीएमवर असतं. म्हणजे लिफ्टचा लीव्हर पूर्ण वर असताना तेलाचं काय होतंय, ते बघायचं.

साध्या गिअर पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल ढकलतच राहतो. लिफ्ट वर पोचली की व्हॉल्व्ह न्यूट्रलला यायला हवा, म्हणजे तेल बिनदाबाचं परत जातं. व्हॉल्व्हला न्यूट्रलला आणणाऱ्या लिंकेजची (जोडदांड्यांची) सेटिंग चुकली असेल तर पिस्टन शेवटाला टेकतो, पण व्हॉल्व्ह अजून ‘उचल’ म्हणतच असतो. मग सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून पूर्ण दाबाने परत पडतं. मिनिटाला 40 लिटर तेल 150 बारवर असं वाया गेलं तर 10 किलोवॅट उष्णता होते. पाणी तापवायच्या एक-एक किलोवॅटच्या दहा कॉइल हौसिंगमध्ये सोडल्यासारखं आहे ते. नवीन तेल त्यात काय करणार?

माझ्याकडे पिस्टनची सील गळत होती म्हणून लिफ्टचं कव्हर एका वर्कशॉपमध्ये उघडलं होतं. तापणं त्यानंतरच सुरू झालं. मी हे तिथे दर वेळी सांगितलं. उत्तर यायचं, ‘नवीन सील आहे, रुळेल.’ मग तेल बदललं, मग फिल्टर, मग पंप. एकदाही कुणी प्रेशर गेज लावला नाही, आणि कामाच्या कागदावर फक्त बदललेल्या सामानाची यादी. सामान बदलणं आणि बिघाड शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पैसे पहिल्याचेच लावले जातात, याचा मला आजही राग आहे. गरम झाल्यावर लिफ्ट मंदावते म्हणजे पंप झिजला, हा त्यांचा तर्क होता. झिजलेल्या पंपानेही तेल तापतं हे खरं, पण तेल पातळ झालं की चांगल्या पंपातूनही आतल्या आत जास्त गळतं. गार आणि गरम तेलावर दाब आणि फ्लो मोजून दाखवल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका.

आता घरी करायची तपासणी. ब्लोअर लावून इंजिन 1500 आरपीएमच्या आसपास ठेवा, लीव्हर पूर्ण वर घ्या आणि सीटखाली कान द्या. बारीक, सलग ‘चीं’ आवाज येतो का? इंजिन किंचित दबतं का? आता लीव्हर बोटभर खाली आणा, ब्लोअर जागचा हलणार नाही इतकाच. माझ्याकडे त्या क्षणी आवाज तुटला आणि इंजिन मोकळं झालं. तुमच्याकडेही तसंच झालं तर पंपाचा विषय तिथेच संपला. दुसरी खूण: औजार काढून लिफ्ट पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा आणि लिफ्टचे हात हाताने वर उचलून बघा. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये थोडी मोकळी चाल राहायला हवी. अजिबात नसेल तर पिस्टन शेवटाला टेकतोय.

तात्पुरता उपाय म्हणजे क्वाड्रंटवरचा (लीव्हर फिरतो त्या पट्टीवरचा) सरकता स्टॉपर थोडा खाली घट्ट करा. कायमची सेटिंग मॅन्युअलप्रमाणेच. काही मॉडेलमध्ये ती बाहेरच्या रॉडवर होते, काहींत कव्हर उघडावं लागतं.

आवाज आलाच नाही तर डीसी व्हॉल्व्हचा (ट्रॉलीसारख्या बाहेरच्या औजाराला तेल देणाऱ्या व्हॉल्व्हचा) लीव्हर खरंच न्यूट्रलला येतो का आणि पाईप जोडायचा कपलर अर्धवट बसलाय का ते बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर फार बरं. दाब जिथे फुकट पडतो त्याच्या लगेच पुढचा पाईप हौसिंगपेक्षा गरम लागतो. बारीक गळती शोधायला हात मात्र फिरवू नका, दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

ओघात एक सांगतो, टिपिंग ट्रॉली असेल तर ती वर असताना तेलाची पातळी पूर्ण करू नका. ट्रॉली खाली आली की ते तेल परत येतं, पातळी वाढते, गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि तापमान चढतं.

आणि आत्ता पुन्हा तेल बदलू नका. साधारण 80 अंशांच्या पुढे सील कडक व्हायला लागतात, आणि ढोबळ हिशेबाने दर 10 अंशांमागे तेल दुप्पट वेगाने खराब होतं. आधी कारण दुरुस्त करा, मग जळका वास असेल तर बदला.

मी मेकॅनिक नाही, आणि तुमचा पंप गरजेपुरतंच तेल देणारा, लोड सेन्सिंग प्रकारचा असेल तर वरचं बरंचसं लागू होणार नाही. मॉडेल कोणतं, ऑइल कूलर आहे का, आणि तापणं सुरू होण्याआधी लिफ्टचं कव्हर उघडलं होतं का, हे कळवा.