तुटलेला स्टड काढायला इझी-आउट घ्यावा का?

सायलेन्सर उतरवताना मोटारसायकलच्या सिलिंडर हेडमधला ६ मि.मी.चा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट) अगदी पृष्ठभागालगत तुटला आहे आणि दुकानात मिळणारा पाच नगांचा इझी-आउटचा (तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून त्यात उलट फिरवत रुतवायच्या निमुळत्या, उलट्या आट्यांच्या हत्याराचा) संच घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. या कामासाठी तो घेऊ नये, असे माझे मत आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे मेंटेनन्स फिटर होतो, आणि इझी-आउटने सुटलेल्या बोल्टांइतकेच त्याने बिघडवलेले बोल्टही मी पाहिले आहेत.

हत्यार निवडण्याआधी बोल्ट कशामुळे तुटला हे पाहावे. आवळताना जादा ताकद लागून तुटला असेल, तर आतला तुकडा आट्यांत फारसा अडकलेला नसतो. पुष्कळदा टोकदार पंच कडेला तिरका धरून उलट्या दिशेने हलके ठोके दिले तरी तो फिरू लागतो, आणि अशा ठिकाणी इझी-आउट उत्तम चालतो. तुमचा स्टड मात्र सोडवताना तुटला आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादाचा स्टड वर्षानुवर्षे उष्णता आणि ओलावा खाऊन जाम झाला असून, ६ मि.मी.चा अख्खा स्टड ज्या पिळाने सुटला नाही, तो त्याच्या पोटात बसणाऱ्या तीन मि.मी.च्या हत्याराने सुटावा अशी आपली अपेक्षा आहे. व्यास निम्मा झाला की पीळ सोसण्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते; हत्याराचे पोलाद कितीही कडक असले तरी ही तूट भरून निघत नाही. शिवाय निमुळता इझी-आउट आत रुतताना तुकड्याला बाहेरच्या बाजूला फुगवतो आणि तो आणखी घट्ट बसतो.

खरा धोका यापुढचा आहे. इझी-आउट कडक आणि ठिसूळ असतो. तो आत मोडला की साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलने त्याला ओरखडाही नीट उठत नाही. एकदा घाईत मी एका पंपाच्या बॉडीत तो मोडला आणि शेवटी डाय बनवणाऱ्याकडे नेऊन स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर, जाळून काढावा लागला. पंप जागेवर नव्हता तोवर सगळ्यांनी मला काय काय ऐकवले, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत पुढील क्रम ठेवावा. तुकड्याभोवती पेनिट्रेटिंग ऑइल (जाम आट्यांत झिरपणारे पातळ तेल) सोडून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, तेल नीट पुसून घ्यावे आणि हॉट एअर गनने स्टड नव्हे, तर त्याच्या भोवतीचे ॲल्युमिनियम तापवावे. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. गॅसची ज्योत मात्र टाळावी, कारण ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही.

त्यानंतर चांगल्या वेल्डरकडून तुकड्यावर ८ मि.मी.चा नट ठेवून त्याच्या भोकातून सीओटू वेल्डिंग करून घ्यावे. बॅटरीच्या वायरी आधी सोडाव्यात. वेल्डिंगचे पोलाद ॲल्युमिनियमला धरत नाही आणि वेल्डच्या तापाने आतला तुकडाही सैल होतो. म्हणून हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. नट हाताला सोसवेल इतका निवू द्यावा, मग पाना लावून थोडा उलट, थोडा सुलट असा हलवत काढावा. पहिला नट निखळला तर दुसरा लावावा. तीन-चार वेळा असे करावे लागले तरी वावगे नाही.

वेल्डर मिळत नसेल तरच ड्रिल वापरावे. तुकड्याचे तोंड बारीक कानशीने सपाट करून सेंटर पंच बरोबर मध्यावर मारावा, कारण पंच अर्धा मि.मी. जरी सरकला तरी पुढे ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळते आणि आटे खाते. उलट्या फिरणीचे ड्रिल बिट मिळाले तर तेच घ्यावे; भोक पाडता पाडता तुकडा स्वतःच फिरून बाहेर आल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. वेग कमी आणि कटिंग ऑइल भरपूर ठेवावे. आधी ३ मि.मी., मग एकेक पायरी वाढवत ४.८ मि.मी.पर्यंत गेलात की स्टडची पातळ नळी उरते, ती टोकदार सळईने आत दुमडून चिमट्याने ओढता येते. नंतर ६ मि.मी.चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे साफ करावेत.

आटे गेलेच, तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल (भोक मोठे करून त्यात बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी. त्यासाठी हेड गाडीवरून उतरवून न्यावे, म्हणजे भोक सरळ पडते आणि कीसही सिलिंडरमध्ये जात नाही.