मंगळवेढ्याजवळच्या २५ एकर माळावर ५० गाईंचा गोठा करायचाय, सुरुवात शेडपासून करू का?

तुमचा माळ वडिलोपार्जित आहे, हाताशी थोडा पैसाही आहे, म्हणून शेडचा विचार आधी आला असणार. माझं सरळ सांगणं: शेड शेवटी. आधी पाणी, मग वैरण.

आमचा गोठा सांगोला तालुक्यात. आजोबांच्या दावणीला चार खिलार, दोन पंढरपुरी म्हशी आणि मागं कडब्याची गंज. वडिलांनी संकरित गाई आणल्या आणि पहिल्या झटक्यात पत्र्याचं शेड ठोकलं. बुटकं, त्यात लांबी उत्तर-दक्षिण. एप्रिलात दुपारचं ऊन थेट दावणीवर यायचं, गाई जीभ काढून धापा टाकायच्या. २०१८-१९ च्या दुष्काळात विहीर आटली, जनावरं चारा छावणीत न्यावी लागली आणि कर्जाचं शेड रिकामं उभं राहिलं.

तिथून क्रम बदलला. आधी प्लास्टिकचा कागद घातलेलं शेततळं, मग हत्तीघास आणि मका. दुभत्या संकरित गाईला रोज २०-२५ किलो हिरवी, ५-६ किलो वाळली वैरण लागते, उन्हाळ्यात ८०-१०० लिटर पाणी. ५० गाईंना हिरवा चाराच रोज टनभराच्या वर. म्हणून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा, हवाच. मक्याचा दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असताना कापा, कुट्टी करा, तुडवून हवा काढा, ४५ दिवस उघडू नका. साधला तर आंबूस-गोड वास येतो. बुरशी दिसली तर तेवढा फेकून द्या, जनावरापुढं टाकू नका. ज्वारीचा कडबाही साठवा, आपल्याकडं त्याच्यासारखा आधार नाही.

तळ्यासोबतच गोठ्याच्या जागेच्या पश्चिमेला कडुनिंब लावा, सावलीला वर्षं लागतात.

पुढं आम्ही मुक्तसंचार गोठा केला, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या. गाईमागं ४० चौरस फूट छपराखाली, ८० मोकळी जागा, भोवती कुंपण. दावी सोडली त्या संध्याकाळी आमची म्हातारी गाय आपल्या खुंट्याच्या जागी जाऊन उभी राहिली. खुंटा उपटलेला, नुसता खड्डा होता. आठवड्यानं ती निंबाखाली रवंथ करत बसलेली दिसली, तेव्हा वडील कितीतरी वेळ कुंपणाशी उभे होते.

शेड बांधाल तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम धरा, आढं उंच ठेवा. आणि गोठ्यापासून लांब आजारी जनावरासाठी वेगळी जागा आजच आखा. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत ती नव्हती, आमची दोन वासरं गेली.