रिसीव्हर घ्या, पण आधी ते कार्ड रिकामं करा

एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, बायको आणि तीन वर्षांची मुलगी, घरात कमावणारे ते एकटेच. १९७६ सालचा पायोनिअर एसएक्स-१२५० रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात, स्पीकर जोडून गाणी ऐकायची) कुणीतरी विकायला काढलाय आणि रविवारपर्यंत सांगा म्हणतोय. प्रश्न असा की घ्यावा का, आणि "जुन्या रिसीव्हरच्या किमती वाढतच चालल्यात, पाच वर्षांनी दुप्पट येतील, तर ही गुंतवणूकच धरायची ना?" मग अगदी शेवटी दोन ओळी: "पैसे क्रेडिट कार्डावर टाकीन, तसंही मिनिमम भरतोच आहे. सेव्हिंगला हात लावायचा नाही, ते विम्याच्या प्लॅनमध्ये सेफ आहे."

रिसीव्हरचं नंतर बोलू, मला त्या शेवटच्या दोन ओळींनी जास्त काळजी लावली.

तुम्ही सगळे आकडे दिलेत ते बरं केलंत. मी तुमचा महिन्याचा पगार १०० धरतो, म्हणजे इतरांनाही आपापला पगार घालून बघता येईल. रिसीव्हर ४० चा. कार्डावर आधीच १२० बाकी, व्याज महिन्याला ३ टक्के, तुम्ही भरताय ६. विम्याच्या प्लॅनचा हप्ता महिन्याला १२, दोन वर्षं झाली, अजून तेरा बाकी.

आधी कार्ड. १२० वर ३ टक्के म्हणजे महिन्याचं व्याजच ३.६. तुमच्या ६ मधले ३.६ तिथेच जातात, मुद्दल २.४ ने कमी होतं. आजपासून कार्डावर नवीन काहीच घेतलं नाहीत आणि ६ भरत राहिलात तरी ३१ महिने लागतील, एकूण भराल १८६. आता त्यात रिसीव्हरचे ४० टाका. बाकी १६०, व्याज ४.८, मुद्दलाला उरले १.२. फिटायला साडेचार वर्षं, एकूण भरणार साधारण ३२६. म्हणजे ४० चा रिसीव्हर तुम्हाला १४० ला पडला, आणि हेसुद्धा मधे किराणा, पेट्रोल, औषध काहीही कार्डावर घेतलं नाही असं धरून, पण तुम्ही ते घेताय असं पत्रावरूनच दिसतंय. बाकी पुढे ढकलत असाल तर नवीन खरेदीला बिनव्याजाचे दिवस सहसा मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. मिनिमम भरणं म्हणजे हप्ता भरणं नाही हो, तो आकडा बँकेच्या सोयीचा असतो.

आता ते "सेफ" सेव्हिंग. ऑफिसमधल्या मित्रानं दिलेला प्लॅन, पंधरा वर्षं महिना १२, शेवटी ३२०० मिळणार, "टाकले त्याच्या दीडपट, गॅरंटीड". याचा मला मनापासून राग येतो कारण दीडपट ऐकलं की माणसाला पन्नास टक्के फायदा वाटतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. तुमचा पहिला हप्ता पंधरा वर्षं आत राहतो, शेवटचा जेमतेम एक महिना, सरासरी साडेसात वर्षं. साडेसात वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास, बस. आणि कार्डाचं महिना ३ टक्के चक्रवाढीनं वर्षाला ४२ च्या वर जातं. एका खिशात पाच टक्क्यांनी ठेवताय आणि दुसऱ्या खिशातून बेचाळीस टक्क्यांनी देताय, आणि हे दोन वर्षं चाललंय.

बरं, विमा तरी पुरेसा आहे का? वर्षाच्या हप्त्याच्या दहापट कव्हर, म्हणजे १४४०, म्हणजे तुमचा चौदा-पंधरा महिन्यांचा पगार. उद्या तुम्हाला काही झालं तर मुलगी साडेचार वर्षांची व्हायच्या आत पैसे संपलेले असतील. मला हे असं लिहायला आवडत नाही पण तुम्ही प्लॅनला सेफ म्हणालात म्हणून लिहावं लागतंय. तुम्हाला हवाय साधा टर्म विमा, वर्षाच्या पगाराच्या निदान बारापट, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. तुमच्या वयाला तब्येत ठीक असेल तर या १२ मधला छोटासा तुकडा पुरेल, मी २ धरतोय. फॉर्ममध्ये सिगरेट, बीपी, जे असेल ते सगळं खरं लिहा.

तो हातात आला, कव्हर सुरू झालं, की मग जुना प्लॅन बंद करा, त्याच्या आधी नाही. आज बंद केला तर ९० मिळतील असं कंपनीनं तुम्हाला कळवलंय. भरलेत २८८. तुम्ही म्हणाल जवळजवळ २०० बुडाले. हो, बुडाले, पण ते सही केली त्याच दिवशी बुडाले, पुढची तेरा वर्षं हप्ते भरून ते वर येत नाहीत. ते ९० थेट कार्डावर, बाकी राहिले ३०. कार्डाचे ६ आणि टर्म विम्याचे २ जाऊन सुटलेले १० मिळून महिना १६ भरा, दोन महिन्यांत कार्ड रिकामं, व्याज जेमतेम दीड. प्लॅन तसाच ठेवून नुसते ६ भरत बसलात तर हेच व्याज ६६ होतं. त्या फरकात तुमचा रिसीव्हर दुरुस्तीसकट येतो.

आता रिसीव्हर. गुंतवणूक धरू नका. लोक जाहिरातीत टाकतात ती किंमत वेगळी आणि शेवटी हातात पडते ती वेगळी. शिवाय वस्तू पन्नासेक वर्षांची आहे, आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वयानं सुकतात, व्हॉल्यूमचा नॉब खरखर करतो, स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे (आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडतात. म्हणून ४० नाही, दुरुस्तीचे धरून ५५ समजा. "सर्व्हिस केलाय" म्हणाला तर नक्की काय बदललं ते विचारा, बऱ्याचदा नुसता साफसफाईचा स्प्रे मारलेला असतो. बघायला गेलात तर मल्टिमीटर न्या, अर्धा तास चालू ठेवून, स्पीकर न जोडता डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा, दहा-वीस मिलिव्होल्ट ठीक, त्याच्या बरंच वर असेल तर मागे फिरा, तुमचे स्पीकर जळू शकतात.

आणि एवढा मोठा कशाला हवाय? एसएक्स-१२५० चॅनलमागे १६० वॅटचा. त्याच काळातला त्याचा धाकटा भाऊ एसएक्स-६५० हा ३५ वॅटचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये वॅट कसे मोजायचे याचा नियम केला, त्यामुळे तिथं विकलेल्या त्या काळातल्या रिसीव्हरचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. साडेचारपट वॅट म्हणजे आवाजात साडेसहा डेसिबलचा फरक, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. घरात ऐकताना बहुतेक वेळ दोन-चार वॅटच वापरले जातात. धाकटा घ्या, तो बराच स्वस्त पडतो, उरलेले स्पीकरवर घाला, फरक तिथे ऐकू येईल.

कार्ड फिटल्यावर महिना १६ मोकळे होतील. ८ अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात, ८ रिसीव्हरसाठी. मोठाच हवा असेल तरी सात महिन्यांत ५५ जमतात, म्हणजे आजपासून नऊ महिने, धाकट्याला त्याहून कमी. मग तो १६ चा सगळा ओघ अडीअडचणीच्या खात्यात वळवा, सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. रविवारी विकणाऱ्याला नाही म्हणून कळवा. हे रिसीव्हर फॅक्टरीत मोठ्या संख्येनं बनलेत, नऊ महिन्यांनी दुसरा नक्की दिसेल. आणि त्या मित्राला प्लॅन बंद करतोय असं सांगाल तेव्हा तो अजून दोन वर्षं थांब म्हणेल, त्याला फक्त हे ४२ आणि ५ चे आकडे दाखवा.