सोमवारी डुलक्या घेणारं पोर

सोमवारी पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या पोराला लगेच उभं करू नकोस. रविवारी बाजार, बापाच्या हातात आठवड्याची मजुरी, मग दारू. रात्री घरात काय झालं ते तो सांगणार नाही. गृहपाठाचं वर्गासमोर विचारू नकोस. मधल्या सुट्टीत नकाशा आणायला सोबत ने, वाटेत बोलेल. नाही बोलला तरी चालेल. ‘बाबा पितात त्यात तुझी काही चूक नाही’ एवढं मात्र एकदा स्पष्ट सांग. अशा पोरांना बरेचदा उलटंच वाटत असतं. (मी नवीन असताना एका बापाला शाळेत बोलावून सुनावलं होतं. मार पोराने खाल्ला.) अंगावर वळ दिसले तर मुख्याध्यापकांना सांग, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लाव. आईला पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची माहिती दे, तिथे घरच्यांचंही समुपदेशन होतं.