जावळ माहूरला बोललं होतं, केस हॉस्पिटलात गळले

प्रश्न: ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, नाव छापू नका. माह्या पोराले, साडेचार वर्षाचा हाय, दिवाळीच्या आधी ब्लड कॅन्सर निघाला, डॉक्टर एएलएल म्हणतात, नागपूरले केमो सुरू हाय. त्याचं जावळ आम्ही माहूरच्या रेणुकामायले बोललो होतो, पाच वर्षाचा झाला की गडावर काढायचं, म्हणून केसाले कात्री लावली नव्हती, वेणी घालून द्यायची मी. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे केस उशीवर आले. मी ते रुमालात बांधून ठेवले. आता सासूबाई म्हणतात नवस मोडला म्हणून त्याचे काउंट, म्हंजे रक्तातल्या पेशी, वर येत नाही. अन महिन्यानं बोनमॅरोचा रिपोर्ट चांगला आला तं त्याच म्हणतात गजानन महाराज पावले, आता लेकराले सुया काहून टोचता, घरी आणा. म्हंजे चांगलं झालं तं देवानं केलं अन वाईट झालं तं माह्यामुळं. आधी दर गुरुवारी पोथी वाचत होती, आता पोथीले हात नाही लागत, देवाचा राग येते. याच्यानं पोराचं काही वाईट होईन का? अन अंगारा, तीर्थ दिलं तं चालते का, डॉक्टरले विचाराची लाज वाटते.

उत्तर: तुला अगं-तुगं करते, राग नको मानू, माझी लेक तुझ्या वयाची आहे. आणि माझ्या पुतण्याला सहाव्या वर्षी हाच आजार झाला होता, जाऊबाई आणि मी आळीपाळीने वॉर्डात बसलो, त्यामुळे उशीवरचे केस म्हणजे काय ते मला सांगायला नको.

सासूबाईंना एक सांग, केसांचा आणि काउंटचा संबंध आहे हे त्यांचं खरं आहे, पण नवसामुळे नाही, दोन्ही औषधामुळे झालंय. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतं, कॅन्सरच्या पेशी तशा, केसांच्या मुळाशी असतात त्या तशा आणि हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात आणि काउंटही पडतात. देवीने रागावून काही केलेलं नाही. तू पण नाही केलेलं. बहुतेक लेकरांत हा आजार का झाला याचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, आईच्या खाण्यात, गरोदरपणात, पूजेत कुठं चुकलं म्हणून तो होत नाही. हे मी जाऊबाईंना शंभर वेळा सांगितलं असेल, तरी त्या रात्री उठून विचारायच्या, आपलं काय चुकलं गं.

आता रिपोर्टचं, कारण मला खरी भीती याचीच वाटते. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट चांगला येणं ही फार मोठी गोष्ट आहे, सासूबाईंनी नारळ फोडला असेल तर बरोबरच केलं. पण चांगला म्हणजे मायक्रोस्कोपखाली रोग दिसण्याइतका उरला नाही एवढंच, लपलेल्या पेशी असतातच, म्हणून तर ट्रीटमेंट दोन ते तीन वर्षं चालते आणि शेवटी मेंटेनन्समध्ये, म्हणजे रोग परत येऊ नये म्हणूनच्या टप्प्यात, लेकरू घरी खेळत असताना पण रोज गोळ्या द्याव्या लागतात. मधेच सोडली तर रोग परत येतो आणि दुसऱ्यांदा आला की त्याला आवरणं खूप अवघड जातं. कापूस वेचणी असो की घरात लग्न असो, तारीख चुकवू नको. सासूबाईंना असं म्हण, महाराज पावले ना, मग त्यांनीच दाखवलेल्या दवाखान्यातून पोराला मधेच कसं उठवायचं. त्यांचा विश्वास मोडू नको बाई, त्या म्हातारीला पण नातू वाचवायचाय, तिच्या हातात दुसरं काही नाही. नवसासाठी बोकड किंवा गावजेवणाचं कर्ज काढायची गोष्ट निघाली तर मात्र आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांची आठवण दे, देवाच्या नावानं जनावर कापू नका आणि कर्ज काढू नका हे ते जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, मुंबईला कॅन्सरच्या इलाजाला गेलेली किती तरी गरीब माणसं तिथं उतरतात, मला तर ती जागा देवळासारखीच वाटते.

देवाचा राग येतो म्हणतेस. येऊ दे की. जनाबाईने विठ्ठलाला केवढ्या शिव्या घातल्या, आणि तोच विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या वॉर्डात एका खाटेशी महाराजांचा फोटो, शेजारी नागपूरच्या ताजबाग दर्ग्याचा धागा, पलीकडे बाबासाहेब आणि बुद्धाचा फोटो, आणि एक यवतमाळकडचीच बाई होती, तिने खाटेशी काहीच ठेवलं नव्हतं, म्हणायची मी देवाशी बोलत नाही सध्या. सगळ्या लेकरांच्या उलट्या तीच पुसायची, कोणाचं का लेकरू असेना. पोथी राहू दे बाजूला, तुझ्या रागाची शिक्षा लेकराला देईल असा देव मी तरी मानत नाही.

अंगारा, तीर्थाचं मात्र नीट ऐक. काउंट कमी असताना तीर्थ, पंचामृत, कच्चा किंवा उघड्यावरचा प्रसाद तोंडात द्यायचा नाही, अंगारा चाटवायचा नाही, यात्रा-भंडाऱ्याच्या गर्दीत न्यायचं नाही, झाडपाल्याचं औषध तर अजिबात नाही. अंगारा त्याच्या उशीजवळ पुडीत ठेव किंवा स्वतःच्या कपाळाला लाव. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं, गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतील तर रक्त थांबत नाही. आणि डॉक्टरला बिनधास्त विचार, लाज कसली, असले प्रश्न त्यांना रोज येतात.

रुमाल ट्रंकेत राहू दे. मेंटेनन्समध्ये केस परत येतात, माझ्या पुतण्याचे आधीपेक्षा कुरळे आले होते. डॉक्टर हो म्हणाले की नवरात्राची गर्दी टाळून साध्या दिवशी माहूरला जा, रुमाल रेणुकामायच्या पायाशी ठेव. नवीन केस तिथं काढायचे की नाही ते पोराला विचार, तेव्हा तो सहा-सात वर्षाचा असेल, आणि एकदा गेलेले केस त्याला परत द्यायचे नसतील तर देऊ नको.